सासूबाईंनी सोडवलेला पेपर

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत एक माणूस आला. नागभीडकडच्या गावचा. त्याच्या बहिणीला तोच आजार झाला होता जो मला झाला होता, आणि कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं. वर्गाच्या दारात उभं राहून त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग विचारलं, ती उठेल का. मधल्या सुट्टीत जेवढं जमलं तेवढं मी त्याला सांगितलं, पण निम्मं राहून गेलं. राहिलेलं इथे लिहिते आहे. औषधांचं मला कळत नाही, ते डॉक्टरांना विचारावं. पडून राहणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि उठणं थोडंफार.

पाय

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी कुंदा, तेहतीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावर. नवरा विलास एसटीत कंडक्टर. घरात सासूबाई आणि दुसरीत शिकणारी माझी मुलगी प्रज्ञा.

धानाची रोवणी आटोपत आली होती. मला जुलाब लागले आणि चार दिवसांत थांबलेही. पुढच्या आठवड्यात शाळेत जाताना मागून मुलांनी हाक मारली, बाई, तुमची चप्पल. पाहते तर एक चप्पल वीस पावलं मागे चिखलात रुतलेली. पायातून निघाली ते मला कळलंच नव्हतं. मुलं हसली, मीही हसले. दुपारपर्यंत दोन्ही पायांत मुंग्या भरल्या. संध्याकाळी घराची पायरी चढताना गुडघा कापडासारखा दुमडला.

गावात येणाऱ्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. शेजारणीने सांगितलं की वारा लागला आहे, एक माणूस राख मंतरून देतो. सासूबाई रोज सकाळी विहारात जाणाऱ्या. त्यांनी तिला तिथल्या तिथे सांगितलं की आमच्या घरात राख चालत नाही. पण सकाळी मला अंथरुणावर उठून बसता येईना, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला.

जीपने ब्रह्मपुरी, तिथून अँब्युलन्सने नागपूर. मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी रबराच्या हातोडीने गुडघ्यांवर ठोकलं. पाय उडायला पाहिजे होता. नाही उडाला. मग त्यांनी विलासला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या खाटेपासून चार हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, असा हा आजार आहे. जीबीएस म्हणतात. पायांतून वर चढतो. श्वासापर्यंत चढला तर मशीन लावावी लागेल. नंतर उतरतो, पण किती उतरेल ते आज सांगता येत नाही.

विलास परत आले आणि मला म्हणाले, "काही नाई. दोन दिवसांत घरी जाऊ." मी मान हलवली. त्या दिवशी मान तेवढी हलत होती. दुसऱ्या दिवशी तीही हलेना.

छत

एकोणीस दिवस मी मशीनवर होते. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, त्यामुळे आवाज नव्हता. हातपाय नव्हते. म्हणजे होते, दुखतही होते, पण माझं ऐकत नव्हते. डोळे तेवढे हलायचे.

लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस झोपेत असतो. तसं नसतं. मला सगळं कळत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई दगावली ते कळलं, तिच्या मुलांनी रडू आवरलं तेही कळलं. नाकावर माशी बसायची. ती बसून चालत ओठापर्यंत यायची. मी तिच्याकडे पाहत राहायची. सकाळी आया यायची, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची, चादर बदलायची. तिने ज्या बाजूला तोंड करून ठेवलं तिकडे दोन तास पाहायचं. कधी भिंत, कधी खिडकी. खिडकी मिळाली की त्या दिवशी मला नशीबवान वाटायचं. छताला चार भेगा होत्या. त्यांची मी नावं ठेवली होती, आता आठवत नाहीत.

भीती मरणाची नव्हती, खरं सांगते. मशीनपाशी सतत कुणीतरी असायचं, ती चालू राहणार हे दिसत होतं. भीती अशी होती की मी अशीच राहीन आणि सगळ्यांना वाटेल की मी आत नाही.

मी आत आहे हे पहिल्यांदा विलासना कळलं. कंडक्टर माणूस, दिवसभर लोकांची तोंडं वाचायची सवय. त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी काही विचारलं की मी डोळे मिटते. मग ते एके दुपारी खाटेजवळ बसले आणि क, ख, ग असं हळूहळू म्हणत गेले. पाहिजे त्या अक्षराला मी डोळे मिटायचे, मग काना-मात्रा तशाच. प-ला मिटले. काना. य-ला मिटले. त्यांनी कागदावर लिहिलं, पाय. घाईघाईने विचारलं, "पाय काय? पायांत जीव आला का?"

जीव नव्हता आला. उजवा पाय घोट्याशी वाकडा अडकून दुखत होता, दोन दिवसांपासून. त्यांनी तो सरळ केला. मग तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

घर

आजार खरोखरच उतरला. आधी मान, मग खांदे. नळी निघाली. दिवाळीनंतर मला घरी आणलं, तेव्हा धरून बसवलं तर बसत होते, दोघांनी धरलं तर चार पावलं टाकत होते. बोटं मात्र झोपलेलीच होती.

मला वाटलं होतं, सुटले.

सासूबाईंनी माझी खाट मधल्या खोलीत, भिंतीला लावून घातली. त्या मला भरवत. केस विंचरत. आंघोळ घालत. साडीऐवजी गाऊन, तोही त्याच चढवत. मी तांब्याकडे हात नेला की माझ्याआधी त्यांचा हात तिथे पोचलेला असायचा. सत्तरीची बाई, स्वतःचे गुडघे दुखणारी, पहाटेपासून माझ्याभोवती फिरायची. कुणी भेटायला आलं तर सगळे तिचं कौतुक करत आणि मला म्हणत, नशीब काढलं, अशी सासू मिळाली. मीही तेच म्हणायची. आणि ते खरंच होतं. म्हणूनच तक्रार करता येत नव्हती.

हळूहळू घर माझ्या डोक्यावरून बोलायला लागलं. प्रज्ञा अभ्यासाची वही घेऊन आधी माझ्याकडे यायची. मग वही आजीकडे जाऊ लागली, आणि आजीला तर अक्षरही येत नव्हतं. मी एकदा तिला विचारलं, "काऊन, माझ्याकडे काऊन नाही आणत?" ती म्हणाली, तू थकतेस, आजी म्हणते. विलास ड्युटीवरून येत, बाहेरच्या खोलीत झोपत. माझी झोप मोडू नये म्हणून. माझ्याशी बोलताना आवाज हळू करत, आजारी माणसाशी करतात तसा.

दवाखान्यात मी मशीनला बांधलेली होते. इथे कशाला, ते बोट दाखवून सांगता येत नव्हतं.

फॉर्म

जानेवारीत एक मुलगी आली. अनघा नाव, मूळची पुण्याची, नागपुरात व्यवसायोपचाराचं पुढचं शिक्षण घेत होती. सासूबाईंना वाटलं, ही मला कोणता तरी व्यवसाय शिकवायला आली, शिवण वगैरे. अनघाने सांगितलं तसं नाही. व्यायाम घेणारे वेगळे. माणसाची रोजची कामं, खाणं, नेसणं, लिहिणं, त्याची नोकरी, ती परत कशी जमतील ते पाहणं म्हणजे व्यवसायोपचार. तिचं संशोधन असं होतं की दवाखान्यातून घरी गेलेले पेशंट खरोखर काय करू शकतात, आणि कॉलेजात त्यांना जे शिकवतात त्याचा खेड्यातल्या घरात उपयोग होतो का. माझं नाव तिला दवाखान्याच्या यादीत सापडलं होतं. बस, मग ब्रह्मपुरीहून जीप, असं करून ती आली होती आणि धुळीने पांढरी झाली होती.

तिने फॉर्म काढला. स्वतःच्या हाताने जेवता का?

"जेवते," सासूबाई म्हणाल्या.

कपडे घालता का? घालते. केस विंचरता? विंचरते. संडासला एकट्या जाता? जाते. सासूबाई एकेका प्रश्नाला ठसक्यात हो म्हणत होत्या. "आमच्या सुनेले सगळं येते. मास्तरीण आहे ते."

अनघाने खाली बेरीज केली. मला चांगले गुण पडले होते. दहा-बारा वर्षांत मी कितीतरी पोरांचे असे पेपर पाहिले होते. पेपर सासूबाईंनी सोडवला होता आणि पास मी झाले होते. या गुणांवर अनघा कागदावर लिहिणार होती की पेशंट जवळजवळ स्वावलंबी आहे, आणि परत येणार नव्हती.

ती पिशवी उचलायला लागली. मी म्हटलं, "खोटं आहे ते."

माझा आवाज अजून घोगरा होता. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. अनघा परत बसली. म्हणाली, "ताई, मग मला करून दाखवाल?"

तिने चमचा दिला. तो माझ्या बोटांतून निसटून मांडीवर पडला. गाऊनची बटणं सांगितली, एकही लागलं नाही. उठायला सांगितलं तर मी खाटेच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच अडकले. सासूबाई मध्ये आल्या. मला धरून परत निजवलं आणि अनघाला म्हणाल्या की परीक्षाच घ्यायची असेल तर दुसऱ्या घरी जा. अनघा गेली. त्या दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. भरवलं मात्र नेहमीसारखंच.

यादी

ती पंधरा दिवसांनी परत आली. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडली, मग माझ्याजवळ फॉर्म ठेवला. त्यातल्या बऱ्याच ओळींवर तिने स्वतःच काट मारली होती. टबमध्ये उतरणं. जिना चढणं. काट्याने खाणं. म्हणाली, हा फॉर्म ज्यांनी बनवला त्यांनी तुमचं घर पाहिलेलं नाही, मीही पाहिलं नव्हतं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्हाला दिवसभरात काय काय करावं लागायचं?"

मी सांगत गेले. चुलीसमोर पाटावर बसणं, आणि तिथून हात न टेकता उठणं. उकिडवं बसणं. नळावर पाण्याची गुंडी भरून कमरेवर घेणं. निऱ्या काढून खोचणं. भात कालवून घास करणं, चमच्याने नाही. तांदूळ निवडणं. मुलीची वेणी घालणं. फळ्यावर उंच लिहिणं. पायरीवरून शाळेचं कुलूप काढणं. ती लिहीत होती. सहा महिन्यांत मी बोललेलं कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेत होतं, तेही न थांबवता, न सुधारता.

पाटावरून उठणं कसं शिकवायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने ते कबूल केलं. कॉलेजात खुर्चीवरून उठणं शिकवलं होतं. मग तिने आमच्या चुलीसमोर बसून स्वतः दहा वेळा उठून पाहिलं, कोणता पाय आधी जातो, हात कुठे टेकतो. धुराने तिचे डोळे गळत होते. सासूबाई दारातून पाहत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. म्हणाल्या, "असं नाई. आधी गुडघा टेकव." आणि करून दाखवलं.

जाताना अनघाने त्यांना विनंती केली की कुंदाताईंना वेळ लागला तरी करू द्या, सांडलं तरी सांडू द्या. त्यावर सासूबाई जे म्हणाल्या ते मला तोवर माहीत नव्हतं.

"पोरी, मी हिले त्या मशीनवर पाह्यलं. निस्ती पाहून राह्यली होती माह्याकडं. मले वाटलं, ही काही मांगून राह्यली अन् मले समजून नाई राह्यलं. आता हिच्या हातून तांब्या पडला ना, मले तेच दिसते. म्हणून मी आधीच देऊन टाकते."

मी खाटेवरून म्हटलं, "आई, मी काहीच मागत नव्हते. तुम्ही आलात म्हणून पाहत होते."

त्या संध्याकाळी त्यांनी भाताचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः समोर बसल्या, हात पदराखाली घट्ट धरून. निम्मा भात गाऊनवर गेला. त्या पाहत राहिल्या. त्यांना ते किती जड गेलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला पोटभर जेवण त्या दिवशी मिळालं नाही आणि मी कुणाला सांगितलंही नाही.

मोह

अनघाने मला बोटांसाठी लाकडी खुंट्यांची एक पाटी दिली होती. भोकात खुंटी घालायची, काढायची. दोन दिवसांत मला तिचा वीट आला. मार्च लागला तसा आमच्या बांधावरच्या मोहाच्या झाडाची फुलं गळू लागली. सासूबाई उजाडता टोपली घेऊन जायच्या. एक दिवस त्यांनी पुतण्याला बैलबंडी जुंपायला सांगितली आणि मला म्हणाल्या, चल, त्या खुंट्यापेक्षा हे बरं.

झाडाखाली गोधडी अंथरून मला बसवलं. भोवती फुलं पडलेली, ओलसर, पिवळी. मोहाचं फूल हलक्या हाताने धरावं लागतं, जोर दिला की फुटतं आणि बोटं चिकट होतात. मी पहिल्या दिवशी बहुतेक फोडली. आठवड्याने ओंजळभर साबूत निघाली. गोधडीच्या आवाक्यातली संपली की पुढे सरकावं लागायचं, म्हणून सरकायला शिकले. पुढे एका हाताने बुंधा धरून उभं राहायलाही.

पण हे सगळं छान छान होतं असं समजू नका. घरी आले की पुन्हा तीच खाट, तीच भिंत. तीन दिवस प्रगती आणि चौथ्या दिवशी चमचा पुन्हा पडायचा. एका दुपारी मी प्रज्ञाची वेणी घालायला बसले. तीन पेड माझ्या बोटांत येईनात. ती पोर श्वास रोखून बसली होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "मम्मी, राहू दे ना, मले खेळायले जायचं आहे." मी तिला जाऊ दिलं आणि कंगवा भिंतीवर फेकला. फेकता आला, हे नंतर लक्षात आलं.

अनघा एप्रिलमध्ये आली तेव्हा तिने मोहाचं सगळं वहीत लिहून घेतलं. सासूबाईंना विचारलं की हे कसं सुचलं. त्या म्हणाल्या, त्यात सुचायचं काय, फूल वेचायले बोटंच लागते.

सही

माझी रजा संपली होती. शाळा उघडायच्या आत जिल्ह्याच्या दवाखान्यातून फिटनेसचं प्रमाणपत्र आणायचं होतं, नाहीतर माझ्या जागी दुसरं माणूस येणार होतं. विलास मला चंद्रपूरला घेऊन गेले. जूनची उष्णता, बाकावर तीन तास. आतल्या डॉक्टरांनी माझी बोटं दाबून पाहिली, चालवून पाहिलं, आणि चालताना माझं उजवं पाऊल जमिनीला घासतं ते त्यांना दिसलं. कागदावरून मान वर न करता म्हणाले, आणखी सहा महिने घरी राहा, आराम करा.

मला त्या मधल्या खोलीची भिंत दिसली. सहा महिने. मी तिथेच उभी राहिले. विलासनी माझा दंड धरला, चल म्हणून. मी म्हटलं, "साहेब, मी मास्तरीण आहे. मला चालायचं नाही, लिहायचं आहे. ते तुम्ही पाहिलंच नाही."

त्यांच्या मागे फळा होता, आठवड्याच्या ड्युट्या लिहिलेला. ते जरा चिडले असावेत. पण बोटाने फळ्याकडे दाखवलं. मी गेले. उजव्या हाताला डाव्याने कोपराशी आधार दिला आणि वरच्या रिकाम्या पट्टीत त्यांच्याच ड्युटीचा वार लिहिला, शनिवार. अक्षर थरथरलं, पण वाचता येत होतं. खडूचा तुकडा तुटून खाली पडला. मी एक गुडघा टेकून तो उचलला आणि पाट नसताना, हात न टेकता उठले. विलास पुढे झाले नाहीत. तेवढं त्यांना जमलं म्हणून मी त्यांची आजही आभारी आहे.

डॉक्टरांनी विचारलं, हे असं उठायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, सासूने. त्यांनी हलकं काम असा शेरा मारून सही केली.

आता

माझी पावलं अजून बधिर आहेत. गरम भांडं हाताला उशिरा कळतं, दोनदा भाजले आहे. थंडीत अक्षर बिघडतं आणि मुलं ते मला सांगतात. संपूर्ण बरं होणं हा प्रकार माझ्या वाट्याला आला नाही, आणि त्या नागभीडच्या माणसाला मी तसं वचन दिलं नाही.

अनघाचं पत्र नंतर आलं. आमची यादी तिने प्रबंधाला जोडली होती. तिच्या सरांनी आधी ती काढायला सांगितली होती, पुस्तकात नाही म्हणून. तिने काढली नाही. पुढे ती शिकवायला लागली. आता ती पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेआधी एकदा तरी एखाद्या पेशंटच्या घरी पाठवते, आणि एक नियम घालून देते, की उत्तर घरच्यांनी दिलं तर लिहायचं नाही.

शाळा उघडली त्या दिवसाचं सांगते आणि थांबते. सकाळी मी आंघोळीला निघाले. सासूबाई सवयीने बादली घेऊन मागे आल्या. मी बादली त्यांच्या हातातून घेतली, अर्धीच भरलेली होती. म्हटलं, आई, आज तुम्ही बाहेर बसा. न्हाणीचं पत्र्याचं दार मी ओढून घेतलं. कडी गंजलेली होती. बोटं दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कडी बसली. दहा महिन्यांत माझ्याजवळ कुणीच नाही असं पहिल्यांदा झालं.

बाहेरून त्या म्हणाल्या, "कुंदा, आहे ना बाई?"

मी म्हटलं, "आहे. तुम्ही जा, चहा ठेवा."

त्या गेल्या नाहीत. पण त्यांनी दार ढकललंही नाही.